घर आपले, सल्लागार कोणाचा?

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतील कित्येक संस्था १९६० ते १९९० या तीन दशकांत शिक्षकांनी, बँकांतील आणि सरकारी कचेऱ्यांतील कारकुनांनी, विमा व टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांनी उभ्या केल्या. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, कोणी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, कोणी पत्नीच्या अंगावरचे चार दागिने गहाण ठेवले, तेव्हा कोठे दोन खोल्यांचे का होईना, हक्काचे घर झाले. त्या इमारतींनी आज वयाची चाळिशी-पन्नाशी ओलांडली आहे. स्लॅबचे पोपडे पडू लागले आहेत, सज्जांच्या सळया उघड्या दिसत आहेत आणि सर्वसाधारण सभांतून एकच प्रश्न पुन्हापुन्हा उपस्थित होत आहे : इमारत दुरुस्त करावयाची, की पाडून नवी बांधावयाची?

हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा वाटतो. वस्तुतः तो प्रथम ज्ञानाचा प्रश्न आहे. इमारत आणखी किती वर्षे उभी राहील, दुरुस्तीला खरोखर किती खर्च येईल, भूखंडावर किती बांधकाम होऊ शकते, बिल्डर देऊ करतो ते रास्त की अपुरे, यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय हात वर करून घेता येत नाही. त्यासाठी जाणकार लागतो, आणि तो आपल्या बाजूचा असावा लागतो. बांधकाम सल्लागार नेमणे ही श्रीमंतांची चैन नसून सामान्य घरमालकाची पहिली गरज आहे. मात्र तो खऱ्या अर्थाने आपला असला तरच त्याचा उपयोग. एरवी त्याची सही ही निष्काळजीपणावर किंवा लबाडीवर उमटवलेली केवळ एक मोहोर ठरते.

असमान सामना

गृहनिर्माण संस्था आणि कंत्राटदार किंवा बिल्डर यांच्यातील व्यवहाराचे स्वरूप नीट पाहावे. एका बाजूला असतो रोज हाच व्यवसाय करणारा मनुष्य. त्याच्या दिमतीला वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, वकील आणि हिशेबनीस असतात. कोणत्या कामात नफा दडलेला आहे आणि करारातील कोणता शब्द पुढे आपल्या उपयोगी पडेल, हे त्याला मुखोद्गत असते. दुसऱ्या बाजूला असते अकरा-तेरा जणांची व्यवस्थापक समिती. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, चिटणीस महसूल खात्यातील अव्वल कारकून, खजिनदार बँकेतील रोखपाल. हे सारे सचोटीचे आणि कष्टाळू असतील. परंतु काँक्रीटची प्रत कशी तपासतात हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. अशा दोन पक्षांत जो करार होतो तो दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या तरी समानांचा करार नसतो.

सरकारने स्वतःसाठी ही विषमता फार पूर्वीच ओळखली होती. सार्वजनिक बांधकाम खात्यात कंत्राटदाराचे देयक मंजूर होण्यापूर्वी अभियंत्याने जागेवर जाऊन मोजमाप घ्यावे आणि ते मोजमाप पुस्तकात नोंदवावे, हा दंडक ब्रिटिश अमदानीपासून चालत आला आहे. त्या व्यवस्थेतही भ्रष्टाचार शिरला हे खरे. पण तत्त्व बिनचूक आहे. काम करणाऱ्याने मागितले म्हणून पैसे द्यावयाचे नाहीत. काम मोजणाऱ्याने मोजले म्हणून द्यावयाचे. सरकार एका मोरीच्या बांधकामासाठी जी खबरदारी घेते, ती आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्या चाळीस कुटुंबांनी घेऊ नये, याला काय म्हणावे?

गिलाव्याखाली दडलेले

दुरुस्तीचे उदाहरण घ्या. चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे तिच्यावर एक संरक्षक थर राहतो. हवेतील कर्बद्विप्राणिल वायू वर्षानुवर्षे आत झिरपत गेला, किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतील क्षार आत पोहोचले, की हे संरक्षण संपते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो, काँक्रीट तडकते आणि त्याचे ढलपे पडतात. जुन्या इमारतींना हा धोका विशेष, कारण त्या काळच्या मानकांत सळयांच्या बांधकामाला एम १५ प्रतीचे काँक्रीटही चालत असे. २००० साली सुधारलेल्या भारतीय मानकाने ही किमान मर्यादा एम २० वर नेली आणि अधिक त्रासदायक हवामानासाठी त्याहून वरच्या प्रती आवश्यक ठरवल्या.

आता अशा इमारतीत कंत्राटदार बोलावला, तर तो बहुधा पोपडे काढील, नवा गिलावा करील, वर रंग देईल. इमारत दोन वर्षे तरुण दिसेल आणि आत गंज आपले काम चालूच ठेवील. जाणता सल्लागार मात्र आधी रोगनिदान करतो. हातोडीच्या आवाजावरून पोकळ भाग हेरणे, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजणे, नळकांड्याच्या आकाराचे नमुने काढून त्यांची ताकद अजमावणे, सळई कितपत गंजली असावी याचा विद्युत चाचणीने अंदाज घेणे, अशा परीक्षा करून तो कोणता खांब धोक्यात आहे आणि कोणता नाही हे सांगतो. मग कामांची तपशीलवार यादी बनते. निविदा त्याच एका यादीवर मागवल्यामुळे चार कंत्राटदारांचे दर खऱ्या अर्थाने ताडून पाहता येतात. काम सुरू झाल्यावर स्लॅबखाली टेकू लावले आहेत की नाहीत, गंजलेली सळई घासून स्वच्छ केली की तशीच झाकली, नव्या काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून पाहिले की नाहीत, हे पाहणे त्याचेच काम. गिलावा झाल्यानंतर यांतील काहीही दिसत नाही. जे पुढे दिसणार नाही ते वेळेवर पाहून ठेवणे, हे सल्लागाराच्या कामाचे मर्म होय.

हे न पाहिल्याने काय घडते, याची उदाहरणे दूरची नाहीत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे एक चारमजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप झाला आणि गुन्हा दाखल झाला. कोणता खांब इमारत पेलतो आणि कोणती भिंत केवळ आडोसा आहे, हा फरक सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. तो सांगणाऱ्याला विचारल्यावाचून घरात घण घालू देणे म्हणजे वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा जीव पणाला लावणे होय.

तपासणीचा नियम नाही असेही नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावयास हवी. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्थैर्य नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घेण्याची जबाबदारी मालकांवर व रहिवाशांवर आहे. पण कित्येक संस्थांत ही तपासणी म्हणजे कमीत कमी पैशांत मिळणारा एक कागद एवढाच अर्थ उरला आहे.

पुनर्विकासाचे गणित

दुरुस्तीत फसवणूक झाली तर लाखांचे नुकसान होते. पुनर्विकासात झाली तर घरच जाते. म्हणून राज्य शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासासंबंधी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारले. मूळ निर्देशांतच सल्लागाराचे स्थान स्पष्ट होते. संस्थेने शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नामिकेवरील किमान पाच वास्तुरचनाकार वा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार यांच्याकडून दरपत्रके मागवावीत, त्यांतून एकाची निवड करावी, त्याच्याकडून प्रकल्प अहवाल तयार करवून घ्यावा आणि मगच निविदा मागवाव्यात, असा तो क्रम आहे. प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी विकासकाकडून घ्यावी, असेही त्यांत म्हटले होते.

या क्रमात मोठे शहाणपण आहे. प्रकल्प अहवाल आधी हाती असला, म्हणजे आपल्या भूखंडावर किती चटई क्षेत्र मिळते, रहिवाशांना घरे देऊन विक्रीसाठी किती उरते, त्यातून खर्च वजा जाता काय शिल्लक राहते, हे संस्थेला बिल्डरच्या तोंडून ऐकावे लागत नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी बिल्डर येतो, रंगीत चित्रांची पुस्तिका वाटतो, सभेनंतर अल्पोपाहार देतो आणि मग त्यानेच सुचवलेला सल्लागार त्याच्याच प्रस्तावावर अनुकूल अभिप्राय लिहितो. त्यात मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत. म्हणजे क्रम पाळण्याची जबाबदारी शेवटी सभासदांच्या जागरूकतेवरच येऊन पडते.

करारातील एकेक शब्द किती किमतीचा असतो पाहा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे. तीत घरातील आतल्या भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली जाते. तुमच्या करारात हीच व्याख्या आहे, की बाल्कनीही त्यात मोजलेली आहे, हे तपासले नाही तर ‘६०० फूट’ या एकाच आकड्याचे दोन वेगळे अर्थ निघतात. हे ताबा घेताना फीत लावून कळले तर उशीर झालेला असतो.

गोरेगावच्या पत्रा चाळीचे उदाहरण तर अजून ताजे आहे. २००८ साली तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा त्रिपक्षीय करार झाला. घरे रिकामी झाली, पाडली गेली आणि पुढे दीड दशकभर ही कुटुंबे वाट पाहत राहिली. रहिवाशांची घरे पूर्ण होण्याआधीच बांधकामाचे हक्क इतर विकासकांना विकले गेले, असा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. अखेर राहिलेले काम म्हाडाला हाती घ्यावे लागले. करारात एक पक्ष सरकारी असूनही हे घडले. रहिवाशांच्या घरांचा कोणता टप्पा पुरा झाल्यावर विकासकाला कोणता हक्क मिळावा, याची साखळी घालून देणे आणि प्रत्येक कडीवर कोणीतरी डोळ्यांत तेल घालून उभे राहणे किती आवश्यक असते, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

खर्चाचा आक्षेप

सल्लागाराचे नाव काढताच सभेत पहिला आक्षेप येतो तो फीचा. ‘आपल्यातच एक निवृत्त अभियंता आहेत, ते पाहतील; बाहेरच्याला कशाला पैसे द्यावयाचे?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला आठ-दहा हजारही जड असतात. म्हणून हिशेबच मांडू या. मानूया की चाळीस घरांच्या संस्थेची दुरुस्ती ८० लाख रुपयांची आहे आणि सल्लागार चार टक्के घेतो. म्हणजे ३ लाख २० हजार. घरटी ८ हजार. कंत्राटदाराने मोजमापात एक दशांश जरी फुगवटा केला, तरी तो ८ लाखांचा होतो. म्हणजे घरटी २० हजार. पुनर्विकासात प्रत्येक घरामागे २५ चौरस फूट कमी मिळाले आणि त्या भागातील दर चौरस फुटाला २० हजार असला, तर एका घराचे नुकसान ५ लाखांचे आणि संस्थेचे २ कोटींचे. फी वाचवणे म्हणजे काटकसर, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

सभासदांतील निवृत्त अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु त्याच्यावर सारा भार टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. तो रोज सकाळी परातीवर चढू शकत नाही, त्याच्या शब्दाला कराराचे बळ नसते, आणि काही बिघडले तर शेजाऱ्यांशी जन्माचे वैर तेवढे पदरी येते.

मीठ कोणाचे?

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. सल्लागार नेमला म्हणजे काम झाले का? १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचे प्राण गेले. त्या पुलाची तपासणी तज्ज्ञ संस्थेकडून झालेली होती, अहवालही होता आणि त्यात किरकोळ दुरुस्ती पुरेशी मानली होती. पुढे तपासणी करणाऱ्यालाच अटक झाली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे दहा वर्षांचीही न झालेली पाचमजली इमारत कोसळून १६ जण दगावले. तेथे बिल्डरबरोबर वास्तुरचनाकार आणि आर. सी. सी. सल्लागार यांच्यावरही गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे दोन्हीकडे सल्लागार होते आणि त्यांच्या सह्याही होत्या. सल्लागार असणे आणि सल्ला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथेच फी कोण देतो हा प्रश्न कळीचा ठरतो. पुनर्विकासात सल्लागाराची फी संस्थेने आधी द्यावी आणि मग ती बिल्डरकडून वसूल करावी, किंवा थेट बिल्डरनेच द्यावी, असा प्रघात पडला आहे. सभासदांना तो सोयीचा वाटतो. आपल्या खिशाला चाट नाही. पण ज्याच्या देयकांवर नजर ठेवावयाची त्याच्याच तिजोरीतून पगार घेणारा पहारेकरी किती जागा राहील? बिल्डर ती रक्कम आपल्या खिशातून देत नाहीच. ती तुमच्याच भूखंडाच्या नफ्यातून जाते. मग ती सरळ आपण दिली तर निष्ठाही आपल्याकडे राहते.

दुरुस्तीत दोष आणखी वेगळा. फी खर्चाच्या टक्केवारीने ठरली, की अंदाजपत्रक जितके मोठे तितकी फी मोठी. खर्च वाचवणाऱ्याचे नुकसान आणि वाढवणाऱ्याचा लाभ. आणि दर्जाची हमी म्हणावी तर तीही अपुरी. १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुरचनाकार परिषदेकडे नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. ‘प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार’ या शब्दांना असे कोणतेही कुंपण नाही. पाटी रंगवली की सल्लागार झाला, असे आज कोणीही म्हणू शकतो.

काय करावे?

म्हणून संस्थांनी काही साधी पथ्ये पाळावीत. सल्लागाराची निवड बिल्डरचे नाव निघण्यापूर्वी व्हावी आणि ती समितीच्या बंद खोलीत न होता सर्वसाधारण सभेत व्हावी. उमेदवाराने पूर्वी केलेल्या दोन-तीन इमारतींना सभासदांनी स्वतः भेट द्यावी आणि तेथील रहिवाशांशी, विशेषतः तक्रार करणाऱ्यांशी, बोलावे. फी ठोक रकमेत ठरवावी आणि ती कामाच्या टप्प्यांशी बांधावी. आठवड्यातून किती वेळा कोण जागेवर येणार, मोजमापाच्या वेळी संस्थेचा प्रतिनिधी हजर राहणार की नाही, चाचण्यांचे अहवाल सूचनाफलकावर लागणार की नाही, हे करारात लिहून घ्यावे. या व्यवहारातील कोणत्याही कंत्राटदाराशी वा विकासकाशी आपला आर्थिक संबंध नाही, असे लेखी निवेदन सल्लागाराकडून घ्यावे आणि ते खोटे ठरल्यास फी परत करण्याची अट घालावी. अखेरच्या टप्प्याची रक्कम काम संपल्यानंतर निदान एक पावसाळा पाहूनच द्यावी. गळतीचा न्यायनिवाडा पावसाइतका निःपक्षपातीपणे दुसरे कोणी करीत नाही.

शासनाचेही कर्तव्य आहे. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांची खुली नोंदणी असावी, त्यांनी केलेली कामे व त्यांच्याविरुद्ध सिद्ध झालेल्या तक्रारी कोणालाही पाहता याव्यात आणि विकासकाकडून फी घेण्याला स्पष्ट मनाई असावी. लहान संस्थांना स्वतंत्र सल्लागार परवडत नसेल, तर जिल्हा पातळीवरील गृहनिर्माण महासंघांनी माफक दरात ही सोय करून द्यावी. शेतकऱ्यांच्या दुधासाठी सहकाराने तपासणीची यंत्रणा उभी केली. सभासदांच्या घरांसाठी ती का उभी राहू नये?

एका पिढीने पोटाला चिमटा घेऊन ही घरे बांधली. दुसऱ्या पिढीकडे ती जपण्याचे किंवा नव्याने उभारण्याचे काम आले आहे. मुलीचे लग्न ठरवताना दहा ठिकाणी चौकशी करणारा, भाजी घेताना रुपयासाठी घासाघीस करणारा आपला मध्यमवर्ग घराच्या करारावर मात्र न वाचता सही करतो, हे चित्र बदलले पाहिजे. येत्या सर्वसाधारण सभेत कोणता बिल्डर, किती जागा, किती भाडे हे प्रश्न निघतीलच. त्यांच्या आधी एका सभासदाने उठून एवढेच विचारावे : आपल्या बाजूने हे सारे तपासणारा कोण आहे, आणि त्याची फी कोण देतो? त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत कोणीही कशावरही सही करू नये.